दोन गाड्या, एक बोळ आणि डायलिसिसचा शनिवार

सप्रेम नमस्कार,

आम्ही, म्हणजे सासूबाई, हे, मुलगी आणि मी, पंचवटीत राहतो. आमचा बोळ असा, की घंटागाडी आत आली की समोरच्या स्कूटरवाल्यानं कुणाच्या तरी ओट्याला खेटून उभं राहायचं. इमारतीखाली तीन गाड्यांपुरती जागा आहे, त्यातली एक आमची. डिसेंबरात नाशिकला मोटर रॅली आहे. शुक्रवारी संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावरून गाड्यांना झेंडा दाखवणार आणि शनिवार-रविवार दिंडोरी-पेठच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर शर्यती होणार. माझे धाकटे दीर पुण्याहून चार मित्रांना घेऊन येताहेत, दोन मोठ्या गाड्यांतून. मी म्हटलं, भाऊजी, लावणार कुठे? तर म्हणाले, ‘वहिनी, नाशिकच आहे, मिळते जागा.’ सासूबाईंचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं. शनिवारी सकाळी सातला मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात पोहोचावं लागतं. ह्यांनीही रॅलीसाठी सुट्टी टाकली आहे. गाड्या कुठे लावायच्या, सासूबाईंना कसं न्यायचं, आणि भाऊजींना न दुखावता हे सांगायचं कसं? खरं तर लहानपणी बाबांबरोबर मी मोटरसायकलच्या शर्यती बघायला जायचे. मलाही बघायची होती रॅली. पण ते असो.

— पंचवटीतली एक वहिनी

ताई,

शेवटचं वाक्य तुम्ही ‘ते असो’ म्हणून मिटवलंत. मी ते बाजूला काढून ठेवलंय, त्याच्याकडे येतोच. आधी गाड्या बघू.

‘नाशिकच आहे, मिळते जागा’ असं म्हणणारा माणूस बहुधा नाशिक सोडून दहा वर्षं झालेला असतो. त्याच्या डोक्यातलं नाशिक सुट्टीत आल्यावर दिसणारं असतं. शनिवारी सकाळी रामकुंडाच्या आसपास यात्रेकरूंच्या बस कशा लागतात, ते तुम्ही रोज बघता. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, काल उघडा असलेला रस्ता आज खणलेला असतो. आणि रविवारी सकाळी अर्धं गाव मिसळ खायला मखमलाबाद आणि गंगापूर रोडकडे निघतं, ती गर्दी वेगळीच. रॅली ही या सगळ्यावर येणारी वरकड.

म्हणून पहिली गोष्ट, दोन गाड्यांची एक करा. पाच माणसांना एक मोठी गाडी पुरते. दुसरी गाडी माणसं न्यायला नसतेच. रॅलीच्या गावात आपलीही गाडी दिसावी म्हणून ती निघालेली असते. मी भाऊजींच्या वयाचा असताना हेच करायचो, त्यामुळे दोष देत नाही. ज्यांना गाडीत दाटीवाटी नको असेल त्यांनी वाकडेवाडीहून एसटीची ई-शिवाई धरावी, झोपून यावं. भाऊजी फॉर्म्युला वन बघत असतील तर त्यांना झांडवूर्टची गोष्ट सांगा. हॉलंडमधलं समुद्रकाठचं हे लहानसं गाव. २०२१ मध्ये तिथे शर्यत परत आली, तेव्हा साध्या प्रेक्षकाला गाडी घेऊन गावात यायचीच बंदी केली. दर पाच मिनिटांना रेल्वे, बाकीचे सायकलवर. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या बघायला माणसं घंटी वाजवत आली, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आता उरलेल्या एका गाडीला जागा हवी. ती तुमच्या बोळात नको आणि गोदाघाटावर तर नकोच. पावसाळ्यात घाटावर लावलेल्या गाड्यांचं काय होतं ते, ज्याच्यावरून गोदेचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीला विचारा. डिसेंबरात पूर नसतो हे खरं, पण शनिवारी पहाटे एखादी यात्रेची बस आडवी लागली तर ती भाविकांची आंघोळ, पूजा, काळारामाचं दर्शन आणि चहा होईपर्यंत हलत नाही.

तुमच्या सासऱ्यांनी म्हणा, आजेसासऱ्यांनी म्हणा, घर नदीच्या योग्य अंगाला घेऊन ठेवलंय. पेठ रोड आणि दिंडोरी रोड दोन्ही पंचवटीतूनच बाहेर पडतात. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोडच्या माणसाला शनिवारी पहाटे आधी गोदावरी ओलांडायची आहे, मग रॅली. तुम्हाला नाही. तेव्हा पाहुण्यांची गाडी त्याच दिशेला आणखी थोडी पुढे ठेवायची, म्हणजे म्हसरूळ किंवा मेरीच्या बाजूला. तिकडे तुमचं कुणी ना कुणी असेलच, मावससासू, मुलीच्या शाळेतली मैत्रीण, ह्यांच्या ऑफिसातलं कुणी. ज्यांच्या सोसायटीत एक जागा मोकळी असते त्यांना आजच फोन करा. शुक्रवारी रात्री नऊला केलेल्या फोनला माणसं नाही म्हणत नाहीत, पण मनात ठेवतात. सोसायटीच्या रखवालदाराला गाडीचा नंबर आणि भाऊजींचा मोबाईल लिहून द्या. जाताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला भाऊजींना सांगा, तुम्ही ठेवू नका.

पुण्याहून येणारा माणूस सिन्नर, नाशिकरोड करत द्वारका चौकात येतो आणि तिथे अडकतो. त्यांना सांगा, दुपारी तीनच्या आत द्वारका ओलांडा. शहरात शिरू नका. महामार्गानं तसंच पुढे जाऊन रासबिहारी चौफुलीवरून मेरीकडे जाणारा लिंक रोड धरा, गाडी ठेवा, बॅगा काढा आणि रिक्षानं घरी या. त्यानंतर त्या गाडीला शनिवारी पहाटेपर्यंत हात लावायचा नाही. संध्याकाळी ‘जरा एक चक्कर मारून येतो’ असं कुणीतरी म्हणेल. नाही म्हणायचं.

शुक्रवारच्या झेंड्याला गोल्फ क्लबवर गाडी घेऊन जायचा विचार कुणाच्याही मनात येऊ देऊ नका. सीबीएस, त्र्यंबक नाका, शालिमार हा भाग एरवीच्या संध्याकाळीसुद्धा पोटभर जेवलेल्या माणसासारखा असतो. निमाणीवरून सिटीलिंकनं सीबीएसपर्यंत जा. २०२१ च्या जुलैत ही बससेवा सुरू झाली, पण आपल्याकडच्या गाडीवाल्यांपैकी कितीतरी जण अजून तिच्यात चढलेले नाहीत. परतताना बस भरलेल्या असतील, तेव्हा होळकर पुलावरून चालत या. पाऊण तास लागेल. डिसेंबरातली नाशिकची थंडी, खाली गोदावरी, पुणेकरांना आवडेल. थांबून फोटो काढतील, त्याचा अर्धा तास वेगळा धरा.

आता शनिवार. तुम्ही विचारलंत, सासूबाईंना कसं न्यायचं. रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि सकाळी सव्वासहाला होळकर पूल काय, द्वारका काय, सगळं रिकामं असतं. रॅलीही उलट्या दिशेला आहे. तेव्हा अडचण रस्त्यावर नाही, तुमच्या इमारतीखाली आहे. शुक्रवारी रात्री तुमची गाडी बोळाकडे तोंड करून लावा आणि तिच्यापुढे कुणी गाडी लावणार नाही याची खात्री करा. रॅलीच्या शनिवारी दुसऱ्यांकडेही पाहुणे असतील. फाटकावर एक कागद चिकटवा, ‘शनिवारी सकाळी सहाला दवाखान्याची गाडी निघायची आहे, कृपया समोर लावू नये’, आणि खाली फोन नंबर. ‘नो पार्किंग’च्या पाटीला कुणी जुमानत नाही. दवाखाना म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो. आणि काहीही झालं तरी त्या दिवशीची पाळी चुकवू नका. डॉक्टरांशी न बोलता ‘रविवारी करू’ असं घरच्या घरी तर ठरवूच नका.

पण गाडी निघाली तरी चालवणार कोण? इथे रॅली कशी चालते ते सांगायला हवं, कारण तुमच्या घरात बहुतेक असं ठरेल की ‘आईला सोडून, आणून, मग आपण जाऊ’. ते जमणार नाही.

रॅलीला मैदान नसतं. रोजच्या वापरातला गावचा रस्ता काही तासांसाठी बंद करतात आणि त्या तुकड्यावर एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. त्याला स्टेज म्हणतात. पहिली गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी, कधी तासभर, कधी त्याहून जास्त, रस्ता बंद होतो. त्यानंतर कुणी आत जात नाही आणि आतलं कुणी बाहेर येत नाही. आधी रस्ता तपासायला आयोजकांची झिरो कार जाते, मग एक-दोन मिनिटांच्या अंतरानं स्पर्धक, आणि सगळ्यात शेवटी, स्पर्धक संपले हे सांगणारी स्वीप कार. ती गेल्याशिवाय रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही. डायलिसिसला चार तास लागतात, वर जाणं-येणं, वजन-बीपी आणि नंतर थोडं बसवून ठेवतात ते. दुपारचे बारा वाजतातच. आईंना नेणाऱ्या माणसाचा शनिवार सकाळचा स्टेज गेला म्हणून समजा. उलटंही खरं आहे. स्टेजच्या आत बसलेल्या माणसाला दवाखान्यातून फोन आला तरी तो निघू शकत नाही. मी तरुणपणी दोन रॅल्यांना मार्शल म्हणून उभा राहिलोय. ‘साहेब, अर्जंट आहे, फक्त दोन मिनिटं’ म्हणणाऱ्यांना परत पाठवणं हेच माझं निम्मं काम होतं.

म्हणजे कुणा एकाला शनिवार सकाळ सोडावी लागणार. पत्र वाचताना मला दिसलं की तुम्ही ती स्वतःच्या नावावर टाकून मोकळ्या झाला आहात. कुणी तसं म्हणालेलं नाही. म्हणायची वेळच येत नाही.

माझं मत असं, की शनिवारी सासूबाईंना भाऊजींनी न्यावं. त्या त्यांच्याही आई आहेत. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ पाळ्या होतात. त्यातल्या भाऊजींनी किती केल्या हे मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. फक्त ही एक त्यांच्याकडे जाऊ द्या. लांब राहणाऱ्या मुलाला आईचं दुखणं फोनवर ‘बरंय’ एवढंच कळतं. सकाळी सहाला तिला हाताला धरून जिना उतरवला, चार तास त्या खुर्च्यांवर बसलं, की जे कळतं ते तुम्ही कितीही सांगून कळणार नाही. आणि सासूबाईंना काय वाटेल याचा विचार करा. एरवी सून आणते-नेते, त्या शनिवारी धाकटा आला.

हे भाऊजींना सांगायचं काम तुमचं नाही. ह्यांचं आहे. भावानं भावाला सांगितलं की ती वाटणी होते. वहिनीनं सांगितलं की तक्रार होते. ह्यांनी आत्ताच, तिकिटं-बिकिटं ठरायच्या आधी, साधा फोन करावा: ‘शनिवारी सकाळी आईचं डायलिसिस आहे, ते तू कर. दुपारी सर्व्हिस पार्क बघ. रविवार पूर्ण तुझा, मी आईजवळ थांबतो.’ बस. कारणं देत बसू नये. कारणं दिली की समोरचा त्यातलं एकेक खोडत बसतो.

आणि भाऊजींचं नुकसान वाटतं तेवढं नाही. सर्व्हिस पार्क म्हणजे स्टेजच्या मधे गाड्या दुरुस्तीला आणतात ती जागा. ठरलेल्या मिनिटांत मेकॅनिक अख्खं सस्पेन्शन उतरवून दुसरं चढवतात, आणि आपण पाच-सात हातांवरून बघत असतो. गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला मी स्टेजच्या आधी तिथेच नेईन. स्टेजवर गाडी धुळीच्या लोटासकट दोन सेकंद दिसते. सर्व्हिस पार्कात तिची आतडी दिसतात.

मग शनिवारी कोण जाणार? मोठ्या गाडीत सात जण बसतात. चार मित्र, हे, तुमची मुलगी आणि तुम्ही. हो, तुम्ही. ‘ते असो’ मी याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. बाबांबरोबर शर्यती बघितलेली त्या घरात एकटी तुम्ही आहात, आणि तुमच्याकडून फक्त पार्किंगचं विचारून घेतलं जातंय. पुढची सीट मागून घ्या. पुणेकरांना दिंडोरीकडचे रस्ते माहीत नाहीत, वाट दाखवायला कुणीतरी पुढे लागेलच.

निघायची वेळ, पहिली गाडी सुटण्याच्या तीन तास आधी. गंमत वाटेल, पण लवकर निघण्यानं काहीच बिघडत नाही. लवकर आलात तर दंड, हा नियम फक्त स्पर्धकांना आहे. त्यांना वेळ नोंदवायच्या चौकीवर उशिरा पोहोचल्याचा दंड असतो, तसा वेळेआधी पोहोचल्याचाही असतो, आणि तो जास्त कडक. दिंडोरी सुमारे पंचवीस किलोमीटरवर. पण स्टेज त्याच्याही आत-बाहेर, पाटीवर नाव नसलेल्या फाट्यांवर असतो, आणि शेवटचे चार किलोमीटर पहिल्या वीसपेक्षा जास्त वेळ खातात. वाटेत सिग्नलला किंवा पेट्रोल पंपावर शेजारी स्टिकर लावलेली रॅलीची गाडी उभी दिसेल. दोन स्टेजच्या मधे त्यांना साध्या रस्त्यावरून, साध्या रहदारीचे नियम पाळून जावं लागतं. गाडी चालवणाऱ्या मित्राला आधीच सांगून ठेवा, तिच्या मागे लागायचं नाही.

तिथे गाडी लावायची ती मात्र नीट बघून. जिथे वीस गाड्या आधीच लागल्यात तिथे एकविसावी लावायची, ही आपली सवय. ती जागा कुणाची तरी असते. त्या दिवसांत द्राक्षबागा मण्यांवर आलेल्या असतात, घड उघडे असतात, आणि बागेच्या कडेनं उडवलेली धूळ थेट मालावर बसते. बांधावर, शिवरस्त्याच्या तोंडाशी, विहिरीच्या वाटेवर गाडी नको. शेतकऱ्याला विचारा, तो मागेल ते पैसे द्या, पिकअपला जायला वाट ठेवा. जागा निवडताना मुरमाड निवडा. काळ्या मातीत कितीही सपाट आणि कोरडी दिसली तरी नको. टाचेनं उकरून बघा. खाली दमट लागली तर पुढे चला. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस आणि गारपिटीनं इथल्या बागा झोपवल्या, त्यामुळे डिसेंबर कोरडाच जाईल असं नाशिकमध्ये कुणी छातीठोक सांगत नाही.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. एकदा असाच दिंडोरीच्या पुढे गाडी लावून डोंगरावर जाऊन बसलो. दुपारी चारला जेमतेम वीस मिनिटं पाऊस पडला. खाली आलो तर चाकं अर्धी आत. ती काढायच्या नादात पुढे-मागे करत मी शेजारच्या नुकत्याच लावलेल्या कांद्यात दोन वाफे चिरडले. ज्याचे ते वाफे होते त्यानंच ट्रॅक्टर आणला, दोर लावला, गाडी ओढून काढली. पैसे नको म्हणाला. ‘पुढच्या वेळी घरी सांगून लावा,’ एवढंच बोलला. मला अजून तो चेहरा आठवतो. मोठ्यांचंही हेच होतं म्हणा. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनची फॉर्म्युला वन शर्यत २००० साली एप्रिलमध्ये घेतली, पावसानं गवताळ वाहनतळांचा चिखल झाला, आणि शनिवारी वाहनतळ बंद ठेवून लोकांना येऊ नका सांगायची पाळी आली. म्हणजे चिखलापुढे काळी माती आणि विलायती गवत सारखंच.

गाडी वाळक्या गवतावरही उभी करू नका. सायलेन्सरखालचा भाग तापलेला असतो, गवत पेटतं. तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. जागेचा फोटो काढा, मागच्या डोंगरासकट. संध्याकाळी सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झालेल्या असतात.

बघायला बसायचं ते रस्त्यापेक्षा उंचावर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीच नाही, गाडी सुटली की ती तिकडेच जाते. पट्टी बांधलेली असेल तर तिच्या मागे. मार्शल म्हणाला उठा, तर वाद न घालता उठायचं. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत माणसं रस्त्यावर वाकून गाड्यांना हात लावायचा प्रयत्न करत होती. त्यातली एक गाडी गर्दीत घुसली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. मुलीला घेऊन जाताय, तिला आधी जागा दाखवा आणि मग हातात वही द्या. प्रत्येक गाडीचा नंबर आणि दोन गाड्यांमधलं अंतर लिहायचं. एका स्टेजवरून गाड्या बहुतेक दोनदा जातात, तेव्हा दुसऱ्या फेरीत कोण पुढे आलं ते तिचं तीच काढेल. एकच जागा धरून बसा. तीन स्टेज बघायला धावणारे लोक दिवसभर ट्रॅफिक बघून येतात.

परत निघताना घाई नको. शेवटची गाडी गेली की सगळे एकदम किल्ल्या फिरवतात आणि त्या अरुंद रस्त्यावर तासभर एकमेकांच्या धुरात बसतात. तो तास तुम्ही सावलीत बसून काढा. तोवर भाऊजी आईला घरी आणून, जेवू घालून, झोपवून सर्व्हिस पार्कात पोहोचलेले असतील. त्यांना फोन करून विचारा, आई कशा आहेत. नेहमी ते तुम्हाला विचारतात.

आणि शनिवारचा डबा करू नका. पहाटे चारला उठून सात जणांच्या पोळ्या लाटल्यात तर मी दिलेली पुढची सीट तुम्ही झोपेत घालवाल. दिंडोरी नाक्यावर वडापाव बांधून घ्या, केळी घ्या, पाण्याचा मोठा कॅन घ्या. पैसे पुणेकर देतील.